पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डायऱ्या ऑनलाइन सापडल्यात, त्यात कुतच्या वेढ्यातल्या मराठ्यांचं काही मिळेल का?

सह्यकडा

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या. आमचे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते असं घरात सांगतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात म्हणजे आत्ताच्या इराकात गेले, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले, तुर्कांच्या कैदेत गेले आणि परत आलेच नाहीत. गाव महाडच्या पलीकडे, घरात कागद म्हणाल तर एक नाही, फक्त ती ब्राँझची गोल तबकडी आहे जी मेलेल्या सैनिकांच्या घरी पाठवायचे, तिच्यावर नाव आहे पण हुद्दा, पलटण काही नाही.

तर त्यांचं नाव शोधता शोधता मी ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या साइटवर जाऊन पडलो आणि तिथे ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरच्या स्क्वाड्रनच्या वॉर डायऱ्या पानन् पान स्कॅन करून ठेवल्यात हो! पहाटेपर्यंत वाचत बसलो. छापील फॉर्म आहे, ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश आणि शेवटी शेरा असे रकाने, आणि आत कुठे टाइप केलेलं तर कुठे पेन्सिलीने खरडलेलं. कोण उडालं, सोबत ऑब्झर्व्हर (टेहळणी करणारा) कोण, किती उंचीवरून काय दिसलं, इंजिन कुठे बंद पडलं. ते सगळं पॅलेस्टाईनच्या आघाडीचं निघालं, पण त्या नादात कळलं की १९१५ साली ऑस्ट्रेलियाची एक चिमुकली विमानतुकडी मेसोपोटेमियात पण होती, तिला हाफ फ्लाइट म्हणायचे, आणि तिचे काही लोक चक्क आपल्या मराठ्यांबरोबर कुतमध्येच अडकले होते.

आता मला असं वाटतंय की आपल्या शिपायांनी तर डायऱ्या लिहिल्या नाहीत (लिहिल्या असतील तरी घरोघरच्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या), पण हे वरून बघणारे लोक लिहीत होते. त्यांच्या वह्यांमध्ये खाली असलेल्या मराठा पलटणींबद्दल काही सापडेल का, या डायऱ्या अजून कुठे कुठे मिळतात, फुकट की पैसे देऊन, आणि ते जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायचं कसं? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

तारायंत्र

मस्त धागा. बरंच लिहावं लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुम्ही जे वाचलंत ती तुकडीची अधिकृत डायरी, कुणा माणसाची नव्हे. ॲडज्युटंट किंवा तसाच कोणीतरी ऑफिसर रोज संध्याकाळी कर्तव्य म्हणून भरायचा तो फॉर्म, सी २११८ त्याचा नंबर, सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात एकच, मराठा पलटणीचा पण तोच. खासगी डायरी ही वेगळी चीज, ती ठेवायला खरं तर आघाडीवर मनाई असायची कारण शत्रूच्या हाती लागली तर पंचाईत, पण लोक खुशाल ठेवायचे. तिसरं पायलटचं लॉगबुक, त्यात फक्त तास, विमानाचा प्रकार आणि एखादा तिरकस शेरा. चौथं हवाई चकमकीचा रिपोर्ट. या चारही गोष्टींना लोक सरसकट डायरी म्हणतात आणि मग जे हवंय ते भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. तुम्हाला माणूस हवाय ना, मग खासगी डायऱ्या आणि पत्रांकडे वळा.

त्यासाठी सिडनीची न्यू साउथ वेल्सची स्टेट लायब्ररी बघा. १९१८ मध्ये युद्ध संपता संपताच त्यांनी परतणाऱ्या सैनिकांकडून डायऱ्या रीतसर विकत घ्यायला सुरुवात केली होती, आठवणी ताज्या असताना. तो सगळा साठा आता स्कॅन होऊन ऑनलाइन आहे आणि स्वयंसेवकांनी बसून बऱ्याच वह्या टाइपही केल्यात म्हणजे शब्द टाकून सर्च करता येतो. ब्रिटनकडचं बघायचं तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ मालिका म्हणजे तुकड्यांच्या वॉर डायऱ्या आणि एअर १ मालिका म्हणजे हवाई दलाचे त्या काळचे कागद. डब्ल्यूओ ९५ मधलं मेसोपोटेमियाचं बरंच काही डिजिटल झालंय, मी उतरवलं तेव्हा खातं काढून लॉगिन केल्यावर फुकट मिळालं. एअर १ चं मात्र बहुतेक सगळं तिथे जाऊनच बघावं लागतं.

आता हाफ फ्लाइट. १९१५ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारनेच ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले, कारण मेसोपोटेमियाची मोहीम तेव्हा हिंदुस्थान सरकार चालवत होतं आणि आपल्याकडे विमानं, पायलट सगळ्याचाच ठणठणाट. ऑस्ट्रेलियाकडे तरी कुठे होते, चार ऑफिसर आणि चाळीसेक माणसं एवढंच जमलं म्हणून हाफ. कॅप्टन हेन्री पेत्रे हा प्रमुख, मूळचा इंग्लंडमधला वकील, तो आधी मुंबईला येऊन जमवाजमव करून पुढे गेला, बाकीचे मागून. मेच्या शेवटी बसऱ्याला पोचले तर हाती काय आलं, मॉरिस फार्मन जातीची तीन जुनाट विमानं. कागदोपत्री वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास आणि तिथला शमाल वारा त्याहून जोरात वाहायचा, म्हणजे पायलट पुढे जायला बघतोय आणि जमिनीच्या हिशोबाने विमान मागे चाललंय.

चौघांपैकी मर्झ हा पेशाने डॉक्टर. नासिरियाच्या लढाईनंतर तिथल्या हॉस्पिटलमध्ये जखमींना बघत थांबला होता, ३० जुलै १९१५ ला बसऱ्याला परत निघाला, सोबत बर्न नावाचा न्यूझीलंडचा पायलट. इंजिन बिघडून वाळवंटात उतरावं लागलं आणि तिथल्या अरबांनी दोघांना मारलं, प्रेतंही सापडली नाहीत. ट्रेलोअर सप्टेंबरमध्ये पकडला गेला. व्हाइट हा नोव्हेंबरमध्ये बगदादजवळ तारायंत्राच्या तारा तोडायला म्हणून गेला (माझ्या आयडीचा याच्याशी काही संबंध नाही), उतरताना विमानाचा पंख तारेच्या खांबालाच धडकला, सोबतच्याने तेवढ्यात तारा उडवल्या पण दोघे कैद. हा व्हाइट १९१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून निसटून ओडेसामार्गे सुटला. राहता राहिला पेत्रे, तो कुतला वेढा पडायच्या आत विमान घेऊन बाहेर पडला. मात्र नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिक आतच राहिले आणि तुमच्या पणजोबांबरोबर कैदेत गेले. त्या नवातले सात मेले.

अंबाडीची_भाजी

वाचतेय. तारायंत्र, तुम्ही लेखमाला का लिहीत नाही?

एक बाळबोध प्रश्न. विमानं बाहेर, मराठे आत, मग वैमानिक त्यांच्याबद्दल लिहिणार तरी काय? वरून फक्त ठिपके दिसत असतील ना?

दफ्तरदार

ठिपके का होईना, पण त्या ठिपक्यांना जेवायला घालायचं काम वैमानिकांवर आलं होतं, म्हणून लिहिलं गेलंय.

वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. आत जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, जिचं अधिकृत नावच पूना डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. धान्य काही होतं, पण दळणार कशावर? तर विमानातून जात्याचे दगड टाकले. खरंच टाकले, थापा मारत नाही. वायरलेसचे सुटे भाग, औषधं हे पण असंच आलं. आणि एप्रिलच्या मध्यावर जेव्हा बाहेरून मदत पोचायची आशा जवळपास संपली तेव्हा ब्रिटिशांची ३० नंबर स्क्वाड्रन आणि नौदलाची सीप्लेन म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं यांनी रोज पोती टाकायला सुरुवात केली. युद्धात वेढलेल्या फौजेला हवेतून रसद द्यायचा हा पहिला मोठा प्रयत्न.

विमानं दुबळी, एका फेरीत माणसाच्या वजनापेक्षा थोडं जास्त ओझं गेलं तरी पुष्कळ. पोती पंखाखाली किंवा बाजूला बांधायची, त्याने विमान आणखीनच जड व्हायचं, आणि अंदाज चुकला की पोतं तैग्रिसमध्ये नाहीतर थेट तुर्कांच्या खंदकात. दोन आठवडे धडपड करून सगळं मिळून सात-आठ टन आत गेलं असेल नसेल. आत सैनिक तेरा हजारांच्या आसपास, शिवाय गावातले अरब वेगळेच. नुसते सैनिक धरून भागाकार करा, माणशी दिवसाला पन्नास ग्रॅम पण पडत नाही. त्याच सुमारास जुल्नार नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन रात्री वेढा फोडून जायला निघाली होती, ती तुर्कांनी अडवली. तेव्हा विमानाचा जीव केवढा होता ते या दोन आकड्यांवरून कळतं.

त्यामुळे तुम्ही शोधायचं ते एप्रिल १९१६ चं पान. मराठा असा शब्द मिळेल न मिळेल, पण आटा, पोती, किती पाऊंड टाकले, किती वाया गेले हे मिळेल. आणखी एक, हिंदी शिपाई बराच काळ घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, ते वायरलेसने आत पोचवले. याच्यावर बहुतेक सगळे गोरे ऑफिसर लिहितात, थोडं वैतागून.

उगाच_एक

वाचनखूण साठवली. विमानातून जातं टाकणे हा प्रकार वाचून आमच्या मातोश्री म्हणाल्या, खुंटा पण टाकला होता का?

पाथरवट

मी जरा थंड पाणी ओततो, रागावू नका.

वैमानिकांच्या डायऱ्या वाचायला छान असतात यात वाद नाही, पण त्यातून आपल्या माणसांचा पत्ता लागेल ही अपेक्षा फार धरू नका. लिहिणारे बहुतेक पब्लिक स्कूलमधून आलेले पोरगेसे ऑफिसर, त्यांना खालचं पायदळ म्हणजे अवर इंडियन्स किंवा नेटिव्ह ट्रूप्स, बस. पायलटचं नाव येतं, ऑब्झर्व्हरचं येतं, मेसमधल्या कुत्र्याचं पण येतं, शिपायाचं येत नाही. आणि हे फक्त डायऱ्यांपुरतं नाही. बसऱ्याला जे मेमोरियल उभारलं, चाळीस हजारांवर मृतांचं, त्यात हिंदी ऑफिसरांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे, अमुक पलटणीचे अमुक इतके. दगडावरच जिथे नाव नाही तिथे कुणाच्या खासगी वहीत कशाला असेल.

शिवाय वरून दिसलेलं खाली वेळेवर पोचायचं असंही नाही. बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९१५ ला, मेजर रायली टेहळणीला गेला. तुर्कांची कुमक येऊन दाखल झालीय आणि फौज अंदाजापेक्षा खूप मोठी आहे हे त्याने डोळ्यांनी बघितलं, नकाशावर टिपून घेतलं, आणि परत येताना त्याचं विमान पाडलं गेलं. नकाशा तुर्कांच्या हातात. टाउनशेंडला पत्ताच नाही, दुसऱ्या दिवशी हल्ला चढवला, त्यात चार हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि उरलेले मागे सरकत सरकत कुतमध्ये कोंडले गेले. माझ्या मते त्या मोहिमेतला सगळ्यात महत्त्वाचा हवाई कागद हाच, आणि तो कुठल्याच डायरीत नव्हता.

तेव्हा सह्यकडा, विमानांच्या नादात मूळ काम मागे पडू देऊ नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधा, तिथे आता शिपायांच्या नोंदी आहेत आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा पण. तुमचा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, रायगड टाकून काही मिळणार नाही. नावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर, पाच-सहा प्रकारे टाकून बघा. कैदेतल्यांसाठी रेड क्रॉसचं जिनिव्हाचं आर्काइव्ह पण ऑनलाइन आहे. कुतचे बरेच हिंदी कैदी पुढे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर होते, ते नाव डोक्यात ठेवून चाळा.

सह्यकडा

बापरे, दुपारी जरा कामात होतो तर इथे एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार.

पाथरवट, तुमचं पटतंय, पण मला पणजोबांचं नावच वाचायला मिळालं पाहिजे असं नाहीये हो. ते ज्या आकाशाकडे बघत असतील तिकडून कोण येत होतं, का येत होतं आणि पोतं नदीत का पडत होतं हे कळलं तरी मला पुष्कळ आहे. आजपर्यंत घरात एवढंच ऐकलं होतं की 'बसऱ्याच्या लढाईत गेले'. बसरा तर कुतपासून कितीतरी लांब!

पलटणीबद्दल मात्र खात्री नाही. ११७ हे आत्या सांगते, चुलत घराण्यातले ११० म्हणतात. कसं ठरवायचं?

दफ्तरदार

तबकडीवर कळणार नाही, पण मेडल आहे का बघा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासून चकाचक करायच्या भानगडीत पडू नका, आधीच पुसट असते. तिरका उजेड टाकून मोबाइलने फोटो काढा. हिंदी शिपायांना चांदीचं द्यायचे आणि काही बिगरलढाऊ लोकांना ब्राँझचं, तेव्हा धातू कुठला आहे ते पण बघा.

पलटण नक्की झाली की त्या पलटणीची डब्ल्यूओ ९५ मधली डायरी उघडा आणि शेजारच्या टॅबमध्ये त्याच तारखांची विमानांची नोंद. एकाच दिवसाचं वरून आणि खालून वाचायला मजा येते, कधी कधी दोन्हीकडची हवा सुद्धा जुळत नाही. वेढ्याच्या काळातले आतले कागद तुटक आहेत, तिथे बाहेरच्या तुकड्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तारायंत्र

हस्ताक्षराचं राहिलंच. पहिली दहा-बारा पानं डोकं दुखतं, नंतर त्या माणसाचा हात ओळखीचा होतो. सुरुवातीला अर्थ लावायच्या भानगडीत न पडता दोन-तीन पानं जशीच्या तशी उतरवून काढा, तो एल कसा काढतो, सातला आडवी रेघ देतो का हे कळलं की निम्मं काम झालं. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर आहे हस्तलिखित वाचणारं, ते बऱ्यापैकी चालतं, पण विशेषनामांवर अजिबात विश्वास ठेवू नका. जांभळट पसरलेली अक्षरं दिसली तर ती कॉपिंग पेन्सिल, पाणी लागलं की रंग सोडते, तिथे इमेजचा काँट्रास्ट वाढवून बघा.

नेहमी येणारे शब्द म्हणजे एचए किंवा ईए आलं की शत्रूचं विमान, आर्ची म्हणजे विमानविरोधी तोफ, वेरी लाइट म्हणजे पिस्तुलातून उडवायचा रंगीत प्रकाश, डड म्हणजे हवा उडायच्या लायकीची नाही. एमएफ म्हणजे मॉरिस फार्मन. चोवीस तासांचं घड्याळ ब्रिटिश फौजेत १९१८ मध्ये आलं, त्याआधीच्या नोंदीत एएम-पीएम खरडलेलं असतं आणि तेच नेमकं पुसट असतं, पहाटेची टेहळणी संध्याकाळची समजून बसाल. गावांच्या नावांचा तर आनंदच, टेसिफोन आणि सलमान पाक एकच.

अंबाडीची_भाजी

अवांतर होतंय पण विचारतेच. या पहिल्या वैमानिकांत आपलं, म्हणजे भारतीय, कोणी नव्हतं का? त्यांच्या डायऱ्या?

दफ्तरदार

मेसोपोटेमियात नाही, पण फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर चौघांची नावं कायम घेतली जातात, चौघेही इंग्लंडमध्ये शिकायला असलेले. इंद्रलाल रॉय सगळ्यात प्रसिद्ध, जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानांचं श्रेय आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला मृत्यू, वय १९. त्याने काढलेली विमानांची स्केचेस शिल्लक आहेत आणि ती बघण्यासारखी आहेत. हरदितसिंग मलिक, यांना आधी घेतच नव्हते, मग फ्रेंच विमानदलात जायची तयारी केल्यावर ऑक्सफर्डच्या शिक्षकाने वरपर्यंत पत्र लिहिलं तेव्हा दार उघडलं. पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट घालून उडायचे, पायात गोळ्या घेऊन वाचले आणि पुढे राजदूत झाले. एरॉल सेन पकडला जाऊन जर्मनीत कैदेत.

आणि चौथे आपले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकले, २३ नंबर स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचं विमान चालवायचे, २७ जून १९१८ ला गस्तीवरून परतले नाहीत, तीन दिवसांनी जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी गेले. फ्रान्समध्ये हांगारला त्यांची कबर आहे. यांच्यावर मराठीत इतकं कमी लिहिलं गेलंय की लाज वाटते.

ऑफिसर असल्याने यांचे कागद तरी मिळतात. नॅशनल आर्काइव्हजमध्ये एअर ७६ म्हणजे हवाई दलातल्या ऑफिसरांची सर्व्हिस रेकॉर्ड, ती डिजिटल आहेत. आणि लंडनच्या आरएएफ म्युझियमने ऑफिसरांचे कॅज्युअल्टी फॉर्म ऑनलाइन टाकलेत. नावावर जाऊ नका, मेला-जखमी झाला एवढंच त्यात नसतं, कुठल्या दिवशी कुठल्या स्क्वाड्रनला गेला, सुट्टीवर कधी, हॉस्पिटलात कधी, सगळी हालचाल असते.

पाथरवट

वेलिणकरांवर वेगळा धागा काढा दफ्तरदार, इथे नको, सर्चमध्ये कुणाला सापडणार नाही.

दफ्तरदार

काढतो. स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार तपासायचेत, काही ठिकाणी मध्ये जी घालून ठेवलाय त्यामुळे निम्म्या नोंदी हुकतात. रविवारी बसतो.

सह्यकडा

दफ्तरदार, मेडल आहे, चांदीचंच, मोठ्या काकांकडे डोंबिवलीला. त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलाय, पण पुढच्या बाजूचा, राजाचं डोकं. कडेचा काढा म्हणून पुन्हा फोन केलाय, ते म्हणतात नातू क्लासवरून आला की काढतो.